कॅम्पांतील वास्तव्य

नगरांतील थोरामोठ्यांच्या वस्तींत राहण्याचें सुख नेमकें कशांत आहे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तिवशासारख्या गांवीं सारी हयात शाळेंत घालविलेल्या मनुष्यास तर तो विशेषच पडतो. सेवानिवृत्तीनंतर चिरंजीवांकडे, अमरावतीच्या कॅम्प भागांत माझें वास्तव्य आहे. त्या अनुभवावरून चार शब्द वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम या वस्तीचें कुळमूळ पाहूं. अमरावती ही व्यापाऱ्यांची नगरी. पैशामागोमाग पेंढाऱ्यांचें भय आलें, म्हणून निजामाच्या अमलांत १८०७ सालीं गांवाभोंवतीं दगडी परकोट बांधावयास घेतला. त्याचा घेर सुमारें सव्वादोन मैल. जवाहर दरवाजा अद्यापि उभा आहे. सावकार, भिक्षुक, कारागीर असे सर्व त्या एकाच तटाच्या आश्रयानें राहत. पुढें १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला आणि साहेबांचे बंगले परकोटाबाहेर, गांवापासून अंतर राखून उठले. तोच हा कॅम्प. मध्यें घर, सभोंवार मोकळी जागा आणि तिला कुंपण, ही रचना त्यांची. १९४७ सालीं साहेब गेले; रचना राहिली. आज येथें डॉक्टर, वकील व अधिकारी राहतात, आणि बंगल्यांच्या शेजारीं बहुमजली इमारतीही उभ्या आहेत.

या वस्तीचे गुण नाकारणें अन्यायाचें होईल. रस्ते रुंद, कडुनिंबाची सावली, वैद्यकीय मदत हाकेच्या अंतरावर, आणि सकाळीं वडाळी तलावाकडे फिरावयास जाण्याची सोय. जुन्या वाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनीं तेथील धूर, पाण्यावरून होणारे तंटे आणि सुनांच्या पावलागणिक ठेवलेली नजर यांचेंही स्मरण ठेवावें. आमच्या सूनबाई येथें सायंकाळीं दार लोटून घटकाभर निवांत वाचीत बसतात. वाड्यांत त्यांना हें सुख लाभलें नसतें.

परंतु पूर्वीं साऱ्या गांवाला एक परकोट होता, येथें प्रत्येक घराला स्वतंत्र परकोट झाला आहे. गतवर्षीं पलीकडच्या बंगल्यांतील वृद्ध गृहस्थ निवर्तले. ती वार्ता मला तिसऱ्या दिवशीं पहारेकऱ्यानें सांगितली. तिवशास असें घडतें तर पहिल्या तासांत ओसरी भरली असती, आणि त्या घरीं चूल पेटत नाहीं तोंवर शेजारून पिठलें-भाकरी गेली असती. मी भेटीस गेलों. वाटलें होतें, दोन शब्दांत निरोप मिळेल. पण त्या बाई म्हणाल्या, “गुरुजी, इकडे कोणी येत नाहीं हो. बसा थोडें.” मग तासभर त्या आपल्या मोर्शीकडील माहेराविषयीं आणि तेथील संत्र्यांच्या बागांविषयीं बोलत होत्या. माणसें निष्ठुर नव्हतीं. त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट मात्र मोडली होती.

येथें ‘मृच्छकटिका’ची आठवण होते. उज्जयिनींत श्रेष्ठिचत्वर नामक धनिकांची वस्ती आहे. निर्धन झालेला चारुदत्तही तेथेंच राहतो. त्याच नगरींत दहा सुवर्णांच्या ऋणापायीं पळत सुटलेला एक जुगारी वसंतसेनेच्या घराचें दार उघडें पाहून आंत शिरतो. ती आपलें कंकण देऊन त्याचें ऋण फेडते. पुढें भिक्षु झालेला हाच मनुष्य मरणोन्मुख वसंतसेनेचे प्राण वाचवितो. तें दार त्या दिवशीं बंद असतें, तर तिलाही वांचविणारा कोणी उरला नसता.

कुंपणें पाडा, असें माझें म्हणणें नाहीं. चोरांचें भय खरें आहे. आमच्या तालुक्यांत मोझरीच्या गुरुकुंजांत ठरल्या वेळीं सामुदायिक प्रार्थनेस सर्व एकत्र बसतात. घरींही तशी एखादी वेळ ठरवितां येते. सध्यां आमचें फाटक सायंकाळीं पांच ते सात उघडें असतें. पहारेकऱ्याचीं दोन मुलें गणितासाठीं येतात, त्यांच्यामागून शेजारचा एक नातू येऊं लागला आहे. त्या बाईही अधूनमधून येऊन बसतात. ज्यांच्या घरीं वडील माणसें आहेत, त्यांनीं एवढें तरी करून पाहावें. त्यांच्यापाशीं वेळ आहे, आणि या वस्तींत तीच वस्तु सर्वांत दुर्मिळ आहे.