अण्णांची तसबीर आणि छताखालची पट्टी

सांगलीच्या आमच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतींवर, माणसाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर, सागवानाची एक पट्टी चारही बाजूंनी फिरलेली होती. घरातील सर्व तसबिरी तिच्यावरून दोरीने सोडलेल्या असत, किंचित पुढे झुकलेल्या. भिंतीत खिळा मारलेला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खपत नसे. मातीची भिंत, एक खिळा ठोकावा तर ओंजळभर गिलावा खाली येई. इंग्लंडात व्हिक्टोरियन काळातील घरांतही अशाच पट्ट्या असत, हे मला फार पुढे कळले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले. हळदीची पोती, चोपड्या, कपाटे, सारे गेले. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली दिसली आणि तिच्या जेमतेम वीतभर वर आजोबा-आजींच्या तसबिरी कोरड्या लटकत होत्या. अण्णा कितीतरी वेळ त्या रेघेकडेच पाहत उभे होते. त्या हिवाळ्यात ते गेले.

पुढे आम्ही सहाव्या मजल्यावरील नव्या घरात आलो. तेथील भिंती काँक्रीटच्या. पहिला खिळा वाकला, दुसरा उडून खिडकीवर आदळला. ड्रिल आणावे तर आतून विजेची तार कोठून गेली आहे, हे कोणी खात्रीने सांगेना. त्यात मुलाला ताज्या रंगाला भोके नको होती आणि सूनबाईंना मोकळ्या भिंती आवडत. अण्णांची तसबीर त्यांच्याच जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवली. आठवड्याभरासाठी म्हणून ठेवली, ती अकरा महिने तेथेच राहिली. आईने कधी विषय काढला नाही. एकदाच म्हणाली, "सामान सगळं लागलं का रे?" मी हो म्हटले. ते 'हो' मला अजून टोचते.

दिवाळीच्या साफसफाईत ते गाठोडे सूनबाईंच्या हाती लागले. त्या काही बोलल्या नाहीत. पण आठवड्याच्या आत कारागीर घरी आला. छताच्या अगदी खाली ॲल्युमिनियमची बोटभर रुंदीची पट्टी, भिंतीच्याच रंगात. भोके पडायची ती एकदाच, एका ओळीत. तारांचा शोध घेण्याचे त्याच्याकडे छोटे यंत्र होते. पट्टीच्या खाचेत पोलादी दोरीचे टोक हव्या त्या जागी अडकवायचे आणि दोरीवर आकडी चढवायची. आकडी वर सहज सरकते. खाली आणायची तर तिचे बारीक बटण दाबावे लागते, एरवी तसबिरीच्या वजनानेच ती घट्ट धरून राहते. चित्रांच्या दालनांत हीच व्यवस्था असते. मोठ्या चौकटीला दोन दोऱ्या घ्याव्यात, म्हणजे ती तिरकी होत नाही. (ज्यांच्या घराचे काम अजून चालू आहे, त्यांनी खोट्या छताच्या आधीच पट्टीचा विचार करावा. आम्हांला छताची एक कड पुन्हा करून घ्यावी लागली आणि तो खर्च अकारण झाला.)

कारागीर म्हणाला, एका दोरीवर दहा किलो निर्धास्त टांगा. आम्ही व्यापारी माणसे. ऐकीव वजनावर विश्वास कसा ठेवणार? मी तसबीर पेढीवर नेली आणि काट्यावर ठेवली. जाड काच, सागवानी चौकट, सारे मिळून सहा किलो दोनशे. ज्या काट्यावर अण्णांनी चाळीस वर्षे हळद तोलली, त्याच काट्यावर! दिवाणजी उठून उभे राहिले. मी घाईने तसबीर उचलली. दोरी मात्र एक नव्हे, दोन घेतल्या.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तसबीर लावली. मुलाने मोबाइलवर पातळी तपासली, सूनबाईंनी चार पावले मागे जाऊन पाहिले, सर्वांनी ठीक म्हटले. आई खुर्चीत बसून होती. गुडघ्यांमुळे आता ती फार वेळ उभी राहत नाही.

"उंच झालं," ती म्हणाली. "बसल्यावर मान दुखते."

खिळ्यावर टांगलेली असती, तर खिळा उपटून दुसरा ठोकावा लागला असता. सूनबाईंनी खुर्ची भिंतीजवळ सरकवली आणि आईचे बोट धरून बटणावर ठेवले. दुसरे बटण त्यांनी स्वतः दाबले, मी खालून चौकट तोलून धरली. अण्णा सावकाश दोन वीत खाली आले.

"बास," आई म्हणाली. मग थोडे थांबून, "अजून थोडं."