खापरांबरोबर आलेले बेणे

नांगराच्या तासात खापरी निघाली की आपण ती बांधावर फेकतो. मीही कितीतरी पायाने उडवल्या. पण पापुआ न्यू गिनीतल्या वाटोम या लहानशा बेटावर १९०९ साली ओटो मायर या जर्मन मिशनऱ्याने अशाच खापऱ्या जपून ठेवल्या. त्यांवर दातेरी ठशाची, बारीक ठिपक्यांची नक्षी होती. पुढे तशीच नक्षी पार टोंगापर्यंतच्या बेटांवर सापडली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची! ही कुंभारकाम जाणणारी माणसे होड्यांतून अळू, कोनफळ, केळी घेऊन निघाली होती. यांना पेरायचे बी नसते. कंद नाहीतर मुनवा जिवंत पोचला तरच पीक. वाटेत खाऱ्या पाण्याने बेणे सडले, तर नव्या बेटावर लावायचे काय? त्यांनी ते कशात गुंडाळून नेले असेल, याचेच मला नक्षीपेक्षा जास्त कुतूहल आहे.