कॉन्स्टान्शियाचा द्राक्षमळा

केपटाउन शहराच्या दक्षिणेस, डोंगराच्या उतारावर ग्रूट कॉन्स्टान्शिया हा जुना द्राक्षमळा आहे. ज्या घरांत मद्यास स्पर्शहि होत नाहीं, त्या घरच्या मंडळींनीं मद्यशाळा पाहावयास जावें, ह्याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु आम्हांस तेथें ओढून नेलें तें द्राक्षासवानें नव्हे, मालकांच्या नांवांनीं.

ही जमीन १६८५ सालीं डच कंपनीचा तेथील अधिकारी सिमॉन व्हान डर स्टेल ह्यास मिळाली. देणारा कमिसरी हेंड्रिक व्हान ऱ्हीड. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा तो हाच! त्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मणांनीं त्यास साह्य केलें. त्यांचें नागरी लिपींतील पत्रहि ग्रंथांत छापलेलें आहे. व्हान ऱ्हीडची कबर सुरतेस आहे.

सिमॉन १७१२ सालीं वारला आणि पुढें मळ्याचे तीन भाग झाले. वाड्याचा भाग १७१६ सालीं ओलोफ बर्ग ह्यानें घेतला. १७२४ सालीं तो निवर्तल्यावर त्याची पत्नी ॲना डी कोनिंग मालकीण झाली. ह्या बाईची आई अँजेला ही बंगालची. तिला दासी म्हणून केपला आणून विकलें होतें व १६६६ सालीं तिची मुक्तता झाली. दासीची कन्या अशा वैभवाची स्वामिनी व्हावी, हें वाचून प्रथम आनंद वाटतो. पण तिच्याहि पदरीं गुलाम होते, हें कळल्यावर तो आनंद तितका निर्भेळ राहत नाहीं. गुलामांस आडनांवें नसत. ‘बंगालचा’, ‘मलबारचा’ अशीं मुलखाचींच नांवें त्यांस चिकटत.

मळ्याची कीर्ति खरी वाढली ती १७७८ सालीं हेंड्रिक क्लूटे ह्यानें तो विकत घेतल्यावर. द्राक्षें वेलीवरच सुकूं देऊन केलेलें त्याचें गोड मद्य युरोपांतील राजेरजवाड्यांत गाजलें. सेंट हेलेना बेटावर बंदिवासांत पडलेल्या नेपोलियनासहि तें पोंचत असे. १७९१ सालचें त्याचें कोठार अद्याप उभें आहे. दर्शनी त्रिकोणावर आंतोन आन्राइट ह्या शिल्पकारानें गरुडासह गॅनिमीड कोरला आहे. कोरीव काम सुंदर खरें, पण आमची दृष्टि सारखी खालच्या भिंतींकडे वळत होती.

१८३४ सालीं कायद्यानें दास्य संपलें, तरी ‘उमेदवारी’च्या नांवाखालीं १८३८ पर्यंत त्यांस धन्याकडेच राबावें लागलें. पुढें वेलींवर रोग पडला, इंग्लंडांतील जकातीची सवलतहि १८६१ सालीं गेली. शेवटीं १८८५ सालीं क्लूटे घराण्याचा हा मळा केप सरकारनें विकत घेतला. वाडा १९२५ सालीं आगींत भस्म झाला व पुन्हा पूर्ववत् बांधण्यांत आला. १९९३ पासून मळ्याचा कारभार एक विश्वस्तमंडळ पाहतें. मद्य अजून तेथें होतेंच. वाड्यांत मात्र वस्तुसंग्रहालय आहे.