पॉइंट सहाचा दरारा

आमच्या घरात दोन मापं पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदत आली. अंगातला ताप फॅरेनहाइटमध्ये, बाहेरचं ऊन सेल्सियसमध्ये. ‘एकशेदोन’ म्हटलं की आई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या काढायची आणि रेडिओवर ‘पारा बेचाळिसावर’ ऐकलं की पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत पडायच्या. या दोन आकड्यांची आपसात काही सोयरीक असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

ती जुळली शाळेच्या आलेख कागदावर. बर्फाला ० आणि ३२, उकळत्या पाण्याला १०० आणि २१२. या दोन बिंदूंवर पट्टी ठेवून रेघ ओढली की उरलेली सगळी तापमानं त्या रेघेवर सापडतात. इकडे १०० अंश चढले की तिकडे १८०, म्हणजे एकाला १.८. हा रेघेचा चढ. आणि ३२ ही तिची सुरुवात. रेघ खाली वाढवत नेली की उणे ४०ला दोन्ही आकडे एकच होतात.

थर्मामीटरवर ९८.६पाशी बारीक बाण असायचा. त्या ‘पॉइंट सहा’चा मला भारी दरारा, किती काटेकोर मोजलंय! पुढे कळलं, की कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरनं १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून निरोगी माणसाचं तापमान साधारण ३७ सेल्सियस सांगितलं होतं. ३७ गुणिले १.८ म्हणजे ६६.६, अधिक ३२, झाले ९८.६. तो दशांश नुसत्या गुणाकारातून आलेला. निरोगी माणसाचं तापमान तर दिवसभरातही अर्धाएक अंश खालीवर होतंच.

मुलगी आता मिनियापोलिसला असते. एप्रिलमध्ये फोनवर म्हणते, “बाबा, काल पन्नास होतं, आज अडुसष्ट.” म्हणजे आपले १० आणि २०. माझ्या हिशेबी दुप्पट, तिच्या हिशेबी दीडपटही नाही. उष्णता तेवढीच, शून्य तेवढं वेगळ्या जागी. ते तर माणसानंच ठरवायचं. खुद्द अँडर्स सेल्सियसनं १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० दिलं होतं, त्याच्यामागे ते उलटं झालं. शून्य हललं की दुप्पट-निमपट कोलमडते. फरकाला मात्र धक्का लागत नाही: माझे १०, तिचे १८, पुन्हा तेच १.८.

म्हणून नातवाला ताप आला की मी तिला एवढंच विचारतो, “सकाळपेक्षा किती उतरला?” मग बत्तीस वजा करायची गरजच पडत नाही.