'शॅल' कोणत्या उपवाक्यात आहे?

आमच्या सीमाभागात राज्यघटनेच्या ३४७ व्या अनुच्छेदाचे नाव न ऐकलेला कार्यकर्ता विरळाच. इंग्रजीत तो सबंध अनुच्छेद म्हणजे एकच वाक्य आहे. त्या एका वाक्यावर मी एकदा माझ्या शाळेतील इंग्रजीच्या गुरुजींबरोबर अख्खी संध्याकाळ घालवली, त्याची ही हकीकत.

गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. खानापूर तालुक्यातील आपल्या गावाहून ते बसने आले. हातात अनुच्छेदाची छायाप्रत, आणि एका शब्दाखाली लाल रेघ.

"वकीलसाहेब, इथं 'शॅल' आहे की! 'शॅल ऑल्सो बी ऑफिशियली रेकग्नाइज्ड.' म्हणजे बंधनकारकच झालं ना?"

वर्गात मला 'अरे' म्हणणारे गुरुजी कचेरीत 'वकीलसाहेब' म्हणत. मला ते कधीच रुचले नाही. मी म्हणालो, "गुरुजी, वाक्यपृथक्करण तुम्हीच शिकवलंत. आधी मुख्य वाक्य काढू या."

मुख्य वाक्य एवढेच निघाले : राष्ट्रपती निदेश देऊ शकतील. 'मे' हा शब्द एकीकडे, 'डिरेक्ट' दुसरीकडे, आणि दोहोंच्या मध्ये तब्बल २९ शब्दांची अट : राज्यातील बऱ्याच मोठ्या प्रमाणातील लोकांची आपल्या भाषेला मान्यता मिळावी अशी इच्छा आहे, याविषयी राष्ट्रपतींची खात्री झाली तर. गुरुजींचा 'शॅल' त्याच्याही पुढे, निदेशाचा मजकूर सांगणाऱ्या गौण वाक्यात बसलेला. निदेश निघाला तर तो कसा असेल, एवढेच तो सांगतो; निदेश निघालाच पाहिजे असे सांगत नाही. हेच वाक्य मराठीत लिहिले तर 'देऊ शकतील' अगदी शेवटी येते, आणि वाचणाऱ्याला त्याच्यापाशीच थांबावे लागते. इंग्रजीत 'मे' आरंभीच येऊन जातो आणि शेवटाला पोहोचेपर्यंत विसरला जातो.

गुरुजी काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि उपवाक्ये मोजू लागले. रेन आणि मार्टिनच्या पुस्तकावर वाढलेली त्यांची पिढी. उद्देश्य आणि विधेय असेल, पूर्ण क्रियापद असेल, तरच ते उपवाक्य. त्या हिशेबाने पाच भरली. मी म्हणालो, अलीकडचे व्याकरणकार आठ मोजतील. १९८५ साली क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुढे २००२ साली हडल्स्टन आणि पुलम यांनी लिहिलेल्या मोठ्या व्याकरणांत अपूर्ण क्रियारूपाभोवतीची रचनाही उपवाक्यच धरली आहे; काळ नसला, कर्ता अध्याहृत असला, तरीही. आपण मराठीत ज्यांना धातुसाधिते म्हणून बाजूला काढतो, त्यांसारखीच ही रूपे.

"ती वरची तीन कोणती?" गुरुजींनी विचारले.

'ऑन अ डिमांड बीइंग मेड', म्हणजे मागणी केली गेल्यावर. 'स्पोकन बाय देम', त्यांच्याकडून बोलली जाणारी. 'टु बी रेकग्नाइज्ड', मान्य केली जावी. तिन्ही कागदावर एकाखाली एक लिहिली, आणि तेव्हा माझ्याही प्रथमच ध्यानात आले की आमची मागणी, आमचे बोलणे आणि आमची मान्यता नेमकी या तिघांतच आहे. जुन्या मोजणीत ज्यांना उपवाक्याचाही मान नाही, त्यांत. पूर्ण क्रियापदे बहुतेक राष्ट्रपतींकडे. लोकांच्या वाट्याला एकच आले आहे, 'डिझायर', इच्छा करणे. गंमत अशी की 'प्रपोर्शन' हे एकवचन असूनही तिथे 'डिझायर्स' नाही. मसुदा लिहिणाऱ्याला प्रमाणाऐवजी माणसे दिसली असावीत, असे मला उगाच वाटत आले आहे.

गुरुजींनी पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "इथं मागणी कुणी करायची ते लिहिलेलंच नाही."

"नाही. कर्माची रचना आहे, कर्ता गाळलाय."

"मग आम्ही केली तर चालतंय की."

"चालतं."

"मराठीत?"

मी ३५० वा अनुच्छेद उघडून त्यांच्यासमोर ठेवला. कोणत्याही व्यक्तीला गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे, असे तो सांगतो. गुरुजींनी चष्मा पुसला, बोट ठेवून मुख्य वाक्य शोधले आणि हसले. या खेपेस 'शॅल' मुख्य वाक्यातच होता.

"उद्या येतो," ते उठत म्हणाले. "कर्ता घालून लिहू या, बाळ."