सहा कप्प्यांची गाडी

इंदुरास पाहुणा आला, की पूर्वी आम्ही त्यास राजवाडा, लालबाग, काच मंदिर दाखवीत असू आणि रात्री सराफ्यात नेऊन त्याची रसना तृप्त करीत असू. अलीकडे पुण्या-मुंबईकडील पाहुणे सकाळी गॅलरीत उभे राहून कचऱ्याची गाडी पाहू इच्छितात! २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणांत हे नगर पहिले आले (शेवटच्या वेळी सुरतेच्या जोडीने), तेव्हा हे कुतूहल साहजिकच आहे. गाणे वाजवीत गाडी येते, दारे उघडतात आणि ओला, सुका, प्लास्टिकचा, विजेच्या उपकरणांचा, डायपरादी वस्तूंचा व घातक असा सहा प्रकारचा कचरा वेगवेगळ्या कप्प्यांत पडतो. पाहुणे थक्क होतात. मात्र त्यांना गाडी दिसते. गाडी येण्यापूर्वीचे स्वयंपाकघर दिसत नाही.

रामबाग, नारायणबाग या भागांतील जुन्या मराठी घरांत ‘पुनर्वापर’ हा शब्द कोणाच्या ओठी नव्हता. पण जुन्या लुगड्याची गोधडी होई, डालड्याच्या डब्यात तुळस लागे. रद्दीवाला ओसरीवर तराजू मांडून बसे, त्याच्या वजनाविषयी यथास्थित वाद होई आणि अखेरीस काही नाणी गृहिणीच्या हाती पडत. जुन्या कपड्यांवर स्टीलचे पातेले देणाऱ्या बोहारणीशी चालणारी घासाघीस तर साऱ्या आळीची करमणूक असे. आमच्या वाडवडिलांच्या अंगी काही विशेष सद्गुण होता, असे आम्ही म्हणणार नाही. वस्तू साध्या होत्या, घ्यावयास माणूस दारी येई, आणि श्रमाचे मोल रोख मिळे.

आज वाड्याच्या जागी दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. ओट्याखाली गॅसचे सिलिंडर, त्याशेजारी पिठाचा डबा. आता निरनिराळ्या कचऱ्याचे डबे मांडावयाचे कोठे? दुधाची पिशवी धुऊन, वाळवून ठेवावी, हे योग्यच. परंतु जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे पाणी अनेक वस्त्यांत एक दिवसाआड येते, आणि वैशाखात पिशवी धुवावी की पातेले, हा प्रश्न गृहिणीस पडला तर तिला आळशी कोणी म्हणावे? वेफर्सची चकचकीत पुडी तर मोठीच मायावी. आत धातूचा पातळ मुलामा, बाहेर प्लास्टिक. हे थर सहजी सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही तिला हात लावीत नाही. ती बनविणारा कारखानदार दूर राहतो. तिची जात कोणती, याचा निवाडा मात्र आमच्या ओट्यापाशी व्हावयाचा. नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात, यावरून सासूसुनांचे मतभेद झालेले आम्ही ऐकले आहेत. पुरुषमंडळी अशा वेळी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसतात, हेही नमूद केले पाहिजे.

शिवाय गाडीची वेळ आहेच. रात्रपाळी करून आलेला झोपलेला असतो, मुले परगावी असलेले वृद्ध दांपत्य तिसऱ्या मजल्यावर असते आणि इमारतीस लिफ्ट नसते. गाडी दारापर्यंत आली खरी. दारापासून माजघरापर्यंतचे अंतर ज्याचे त्यालाच चालावे लागते.

एवढी सक्ती कशासाठी, हे समजून घ्यावयाचे तर देवगुराडियाकडे जावे. तेथे वर्षानुवर्षे साचलेला सुमारे तेरा लाख टन कचऱ्याचा डोंगर होता. तो उपसून, चाळून हटविण्यात आला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू बनविणारा, रोज ५५० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. भाजीच्या देठांत प्लास्टिक आले, की सूक्ष्म जीवांचे काम अडते व यंत्रेही बिघडतात. म्हणजे कारखान्याची पहिली पायरी आमच्या स्वयंपाकघरात आहे. तेथील कामगारांना वेतन मिळते. गृहिणीला मिळते ते दंडाचे भय, आणि महिन्याचे शुल्कही घरातूनच जाते.

माणसाकडून कष्ट घ्यावयाचे तर त्याच्या पदरात काही पडावे लागते, हे प्राध्यापक पॅट्रिक गेडीस पुरते जाणून होते. प्लेगने गांजलेल्या या शहराच्या सुधारणेसाठी होळकर दरबाराने त्यांना बोलाविले होते. त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. दिवाळीत त्यांनी मिरवणूक काढविली, घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर करून मिरविला, आणि ज्या भागात घरे अधिक झाडून-दुरुस्त केलेली असतील तेथूनच मिरवणूक जाईल, असे आधी जाहीर केले. मग काय, गल्लोगल्ली झाडू फिरू लागले! आपल्या दारावरून मिरवणूक जावी, हा मान होता. रद्दीवाल्याची नाणी आणि गेडीससाहेबांची मिरवणूक यांच्या तोडीचे काही आजच्या सहा कप्प्यांत आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

देवगुराडियाच्या वायूवर आता शहरातील काही बसगाड्या धावतात. सकाळी निवडून दिलेल्या बटाट्याच्या साली चाकांखाली फिरत असतात आणि त्या निवडणारी बाई त्याच गाडीत दांडीला धरून उभी असते. तिकीट मात्र तिला पूर्ण काढावे लागते.