ऐकलेले आणि आपले झालेले



ऐकले म्हणजे कळले आणि कळले म्हणजे आले, असे वाटणे हा श्रोत्यांचा जुना रोग आहे. कीर्तन रंगते, मान डोलते, टाळी वाजते. घरी गेल्यावर कोणी विचारले, "आज बुवांनी काय सांगितलं?" तर उत्तर येते, "फार छान सांगितलं." काय सांगितले ते मात्र सांगता येत नाही. विद्यार्थ्यालाही हाच रोग होतो, आणि वेळ थोडा असला की तो बळावतो. याचा दृष्टांत मला गणिताच्या वहीत सापडला.

माझी नात कॅलिफोर्नियात इंजिनिअरिंग शिकते. तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा विषय उरकून घेण्याची सोय असते. तिने दुसऱ्या सत्राचा कॅल्क्युलस घेतला. एरवी १६ आठवडे चालणारा विषय ८ आठवड्यांत संपवायचा. आठवड्याला ४ तासांच्या जागी ८ तास वर्ग, आणि वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास अभ्यास, असा तिकडचा हिशेब. म्हणजे आठवड्याचे २४ तास. वाट तेवढीच, दिवस निम्मे. पालखीबरोबर चालणाऱ्याचा एक मुक्काम चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन मुक्कामांची मजल मारावी लागते, तसेच हे.

त्या दिवसांत मी मुलाकडे होतो. पहिल्या परीक्षेत तिला १०० पैकी ५२ गुण पडले. ठरावीक तारखेपर्यंत विषयातून नाव काढून घेता येते. ती तारीख चार दिवसांवर आली होती. आई म्हणे, काढून घे. वडील म्हणत, नेट लाव. विषय सुटला तर पुढचे विषय अडणार, आणि ठेवून नापास झाली तर तो शेरा गुणपत्रिकेवर राहणार. पोरीचे जेवणावरून लक्ष उडाले.

माझे गणित त्रैराशिकापर्यंतचे. पण ती अभ्यास कसा करते ते मी पाहत होतो. सोडवलेले उदाहरण पाहायचे, मान हलवायची, पुढचे उघडायचे. ती हलणारी मान मी नारदाच्या गादीवरून चाळीस वर्षे पाहिली आहे. आम्हाला गुरुजी संथा देत. ती न अडखळता म्हणून दाखवावी, अर्थ सांगावा, मगच पुढची ओवी मिळे.

मी म्हणालो, "बाळ, नाव ठेवायचं की काढायचं ते चौथ्या दिवशी ठरव. तोवर रोज रात्री त्या दिवसाचा धडा मला मराठीत सांग."

"आबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"म्हणूनच मला सांग. ज्याला येतं त्याच्यापुढे अर्धवट सांगूनही निभावतं."

पहिल्या रात्री ती दुसऱ्याच वाक्याला अडली. उदाहरण सुटत होते, पण आपण काय करतो आहोत ते सांगता येईना. मग उठून तिने काकडी आणली. "ही मध्ये जाड, टोकाला बारीक. हिचं आकारमान एकदम काढता येत नाही. म्हणून पातळ चकत्या करायच्या, एकेकीचं काढायचं आणि बेरीज घ्यायची. चकती जितकी पातळ, तितका हिशेब खरा." एवढे म्हणून ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "अच्छा, असं आहे होय!" चौथ्या दिवशी तिने नाव काढले नाही. दुकानातल्या कामाचे तास मात्र कमी केले. लांबची वाट थोड्या दिवसांत चालायची तर खांद्यावरचे काही उतरवावेच लागते.

शेवटच्या आठवड्यांत अनंत श्रेणी आल्या. न संपणारी बेरीज. ती म्हणाली, "आबा, अर्धी भाकरी वाढली, मग पाव, मग त्याच्या निम्मी. कधीच थांबायचं नाही. तरी एका भाकरीच्या वर जात नाही. आता अर्धी, मग एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश, मग एक पंचमांश, असं वाढत गेलं तर?" मी म्हणालो, तुकडे लहानच होत आहेत, मग भरेल दोन-तीन भाकरी. ती हसली. "नाही. तिसरा आणि चौथा भाग मिळून अर्ध्याहून जास्त. पाचवा ते आठवा मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढचे आठ मिळून पुन्हा तसंच. कोठार पुरणार नाही."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. अहंकार रोज थोडा कमी होतो, असे आपण समाधानाने सांगतो. पण तो निम्मा निम्मा होतो आहे, की नुसता रेंगाळत लहान होतो आहे? रेंगाळणाऱ्याची बेरीज अनंतच व्हायची!

अशा अनंत श्रेणींचा विचार केरळात संगमग्रामच्या माधवाने १४व्या शतकात केला होता. पुढे १६व्या शतकात ज्येष्ठदेवाने त्या परंपरेचे गणित 'युक्तिभाषा' या ग्रंथात उपपत्तींसह मांडले, तेही मल्याळम भाषेत. शास्त्र संस्कृतात लिहिण्याची रीत असताना त्याने जवळच्या माणसांची बोली घेतली. आपल्या माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतार्थ मराठीत आणला, त्याची आठवण इथे कोणाला होणार नाही? परक्या शब्दांत ऐकलेले जेव्हा आपल्या बोलीत, समोरच्याला कळेल असे सांगता येते, तेव्हाच ते आपले होते.

नात 'बी' श्रेणीत उत्तीर्ण झाली. गणित तिचे, मास्तर तिचे, कष्ट तिचे. मी फक्त श्रोता होतो.

तेव्हा घरात कोणी मूल पुस्तकापुढे मान हलवताना दिसले, तर त्याच्याजवळ बसा. तुम्हाला तो विषय येत नसेल तर फारच उत्तम. "मला सांग" एवढेच म्हणा. आणि पुढच्या एकादशीला कीर्तन ऐकून घरी आलात, की अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसून बुवांचा सिद्धांत चार वाक्यांत सांगून पाहा. त्याला कीर्तन घडेल, आणि तुम्हाला ते पाठ होईल.